लेबलांमागची गावे : सावंतवाडी, वेंगुर्ला, विजयदुर्ग

गेल्या दिवाळीत मेहुण्यांनी वेंगुर्ल्याकडून आणलेल्या एका बाटलीमुळे हा प्रवास ठरला. बाटलीत जांभळाची वाइन होती आणि दर्शनी लेबलावर दशावतार या कोकणी लोकनाट्यातला संकासुर हा असुर होता. मला मात्र मागच्या लेबलाने धरून ठेवले. अशा ठिकाणी सहसा फळांच्या सुगंधाची आणि मावळत्या सूर्याची वर्णने असतात. इथे दोनच परिच्छेद होते, एकावर ‘इतिहास’ असे शीर्षक होते आणि दुसऱ्यावर ‘आख्यायिका’. कोकणात या दोन गोष्टी एकमेकींत इतक्या मिसळलेल्या असतात की त्या वेगळ्या करून छापण्याची हिंमत एका छोट्या वायनरीने करावी, याचेच मला कुतूहल वाटले. ही वायनरी काजूच्या बोंडांचीही वाइन करते आणि बोंडे एप्रिलमध्ये भरात असतात, म्हणून एप्रिलचाच मुहूर्त धरला आणि लेबलांवरची ठिकाणेही पाहून यायचे असे पत्नीने आणि मी ठरवले.

शुक्रवार : सावंतवाडी

तुतारी एक्सप्रेसने सकाळी उशिरा सावंतवाडी रोडला उतरलो. स्थानक गावापासून दूर आहे. रिक्षा मिळतात, पण भाडे बसण्याआधी ठरवावे. मोती तलावाच्या काठी खोली घेतली आणि ऊन उतरण्याची वाट न पाहता राजवाड्यात गेलो.

राजवाड्याच्या दरबार हॉलमध्ये गंजिफा या जुन्या खेळाचे पत्ते आजही हाताने रंगवले जातात. दशावतारी गंजिफात १२० गोल पत्ते असतात. दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येक रंगाचे बारा पत्ते, त्यांत एक राजा, एक प्रधान आणि बाकी एक्का ते दश्शी. ही कला विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जवळजवळ संपली होती. सावंतवाडीच्या राजघराण्यातले शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशिलादेवी यांनी एका वृद्ध चिताऱ्याकडून ती शिकून घेतली आणि १९७० च्या दशकात राजवाड्यातच तिचे काम सुरू केले. आम्ही गेलो तेव्हा एक बाई मत्स्याच्या रंगाची पंजी रंगवत होत्या. बशीएवढ्याही नसलेल्या त्या चकतीवर पाच मासे होते, आणि प्रत्येक माशाचा डोळा त्या श्वास रोखून, कुंचल्याच्या दोन-तीन केसांनी, एकाच टेकवणीत काढत होत्या. पाचवा डोळा किंचित खाली आला, तेव्हा त्यांनी तो पुसला नाही. “हातान काढलेला आसा, छापलेला न्हय,” असे म्हणून त्या पुढच्या पत्त्याकडे वळल्या.

या खेळात दिवसा रामाच्या रंगाने सुरुवात होते आणि रात्री कृष्णाच्या, ही माहिती पत्नीला सगळ्यात आवडली. रामजन्म दुपारचा आणि कृष्णजन्म मध्यरात्रीचा, हे तिने लगेच जुळवूनही टाकले.

दुपारी एका घरगुती खानावळीत ओल्या काजूगरांची उसळ मिळाली. हंगाम सरत आल्यामुळे गर थोडे निबर झाले होते, तरी त्यांची गोडी वाटपाखाली दबली नव्हती. ही उसळ हवी असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये यावे. वाइन होताना पाहायची असेल तर एप्रिलच बरा. दोन्ही एकाच फेरीत मनासारखे मिळणे कठीण आहे.

शनिवार : वेंगुर्ल्याच्या अलीकडची एक वाडी

वायनरी म्हटले की नाशिककडचे द्राक्षमळे आणि त्यांच्या उतारावरचे काचेचे सज्जे डोळ्यांपुढे येतात. द्राक्षांच्या वाइनला राज्याच्या २००१ च्या धोरणाने जो हात दिला, त्यातून तिकडचे ते वैभव उभे राहिले. इथे मुख्य रस्ता सोडून जांभ्या दगडाच्या गडग्यांमधून गाडी आत गेली आणि कौलारू घरामागच्या एका लांबट मांगरापुढे, म्हणजे शेतघरापुढे, थांबली. मांगराच्या आत दुहेरी भिंतीच्या पोलादी टाक्या होत्या. दोन भिंतींच्या मधून थंड पाणी फिरत राहते, कारण बाहेरच्या उकाड्यात आंबवण सोडून दिले तर दोन दिवसांत सगळे वाया जाते. कोकणात वाइन करण्याचा अर्धा खर्च गारव्याचा आहे, असे मालक म्हणाले. अंगभर चिकटणारा घाम पुसत ते ऐकताना शंका घ्यायचे काही कारण उरले नाही.

मालक पन्नाशीचे आहेत. मुंबईत एका औषध कारखान्यात त्यांनी बरीच वर्षे नोकरी केली. तिथून परतताना सोबत दोन गोष्टी आणल्या, नोंदवही ठेवायची शिस्त आणि स्वच्छतेचा धाक. मांगरात शिरण्याआधी आमच्या चपला बाहेर गेल्या आणि हातही धुवून घेतले गेले. त्यांच्या मातोश्री अंगणातल्या ढिगाशी बसून बोंडापासून बी पिळून वेगळी करत होत्या. तांबडी बोंडे ‘वेंगुर्ला-४’ची आणि पिवळी ‘सात’ची. वेंगुर्ल्याच्या प्रादेशिक फळ संशोधन केंद्राने काढलेल्या या जाती आता इथल्या प्रत्येक बागेत आहेत. एक किलो बीमागे सहा ते आठ किलो बोंडे निघतात. बीला भाव आहे, बोंडाला गिऱ्हाईक नाही.

“बोंडू कोणाक व्हयो?” आजी म्हणाल्या. “बी काढली की गुरांक, नायतर खतात. आता ह्येच्या टाकयेत.”

बोंडाचे दुखणे दोन प्रकारचे असते. ते एक दिवसही थांबत नाही, म्हणून सकाळी वेचलेले बोंड संध्याकाळपर्यंत पिळून झालेच पाहिजे. दुसरे म्हणजे त्याचा तुरटपणा, जो घशाला धरतो. या तुरटपणावरचा उपाय मालकांनी आमच्यासमोर करून दाखवला. काचेच्या उंच पेल्यात ताजा रस घेतला. तो पिवळट आणि गढूळ, जवळपास ताकासारखा दिसत होता. त्यात साबुदाण्याची पातळ पेज चमच्याने सोडली आणि एकदा ढवळून पेला खिडकीत ठेवला. काही मिनिटांत रसात बारीक गुठळ्या दिसू लागल्या, मग त्या एकमेकींना चिकटून हळूहळू खाली बसायला लागल्या. आम्ही चहा घेऊन येईपर्यंत पेल्याच्या तळाशी बोटभर गाळ होता आणि वर मधाच्या रंगाचा नितळ रस. साबुदाण्यातला स्टार्च टॅनिनला धरून तळाला नेतो. या कामासाठी कुणी जिलेटिन वापरते, कुणी भाताची पेज.

पुढचे काम संयमाचे आहे. रसात मुळात दहा-बारा टक्के साखर असते आणि तेवढ्यावर वाइन टिकत नाही, म्हणून साखर घालून ती बावीसच्या आसपास नेतात. मग यीस्ट घालून, टाकी विशीच्या आसपासच्या तापमानात ठेवून, पंधरा-वीस दिवस आंबू देतात. नंतर गाळावरची नितळ वाइन पुन्हा पुन्हा काढून घेत काही महिने मुरवतात. शेवटी अकरा-बारा टक्के मद्यार्क राहतो. गोव्यातल्या फेणीशी याचा संबंध फक्त फळापुरता आहे. फेणी आंबलेला रस भट्टीवर चढवून गाळतात, इथे भट्टीच नाही. हे सांगताना मालकांचा स्वर किंचित चढला, कारण ‘दारूची भट्टी’ हा शब्द त्यांनी गावात पुरेसा ऐकला आहे.

चव सांगायची तर बोंडाची वाइन मला सर्वांत प्रामाणिक वाटली. पहिल्या वासाला ती नकोशी वाटते, कारण बोंडाचा उग्र दर्प लपवायचा प्रयत्नच केलेला नाही. दुसऱ्या घोटाला तो दर्प ओळखीचा होतो आणि शेवटी जिभेवर हलकी तुरटी राहते. जांभळाची वाइन गडद आणि खरखरीत आहे, तिखट जेवणापुढे टिकेल अशी. रातांब्याची, म्हणजे कोकमाची, दिसायला सुंदर पण फार आंबट. पत्नी मद्य घेत नाही. तिला नितळलेला ताजा रस आणि चिमूटभर मीठ मिळाले, आणि तिने मागून दुसरा पेला घेतला.

मग लेबलांचा विषय निघाला. मालकांनी टेबलावर बाटल्या पाठीमागून मांडल्या.

बोंडाच्या बाटलीवर वेंगुर्ल्याची डच वखार आहे. ‘इतिहास’ या सदरात म्हटले आहे की डचांनी १६३७ मध्ये इथे ठाणे केले, आणि गोव्याच्या पोर्तुगीजांवर नजर ठेवायला ते त्यांना सोयीचे होते. त्याखाली एक प्रांजळ वाक्य आहे : काजूचे झाड या किनाऱ्यावर सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी आणले, डचांनी नव्हे. वखार लेबलावर आहे ती केवळ गावची म्हणून. गिऱ्हाइकाला खोटे नाते विकायचे नाही, हा त्यांचा हट्ट मला मनापासून आवडला. कोकणातल्या पर्यटनाच्या किती फलकांवर एवढी सचोटी दिसते?

जांभळावर संकासुर आहे. वेद चोरणारा आणि मत्स्यावताराच्या हातून मरणारा हा असुर दशावतारात काळ्या झग्यात आणि चेहरा झाकणाऱ्या काळ्या टोपीत येतो, आणि देव प्रमाण मराठीत बोलत असताना हा एकटाच मालवणीत बोलतो. रातांब्यावर काळ्या चकतीभोवती लाल कडे, म्हणजे खग्रास ग्रहण, आणि खाली चार रेघांत एक ओटा. त्याविषयी पुढे सांगतो.

चौथ्या बाटलीने मात्र मला थांबवले. करवंदांची ही वाइन थोडीच करतात आणि तिचे नाव ‘राखणदार’ आहे. राखणदार किंवा देवचार म्हणजे रात्री हातात काठी घेऊन गावाच्या शिवेवरून फिरणारा रक्षक. लेबलावर तो नाही. फक्त वहाणांचा एक जोड आहे, टाचेकडे झिजलेला. मालकांनी चित्र काढण्याआधी गावच्या मानकऱ्यांना विचारले होते. देवळात गाऱ्हाणे घातले गेले, “व्हय म्हाराजा” झाले, आणि निर्णय असा आला की नाव घ्या, पण रूप काढू नका. राखणदाराला कोंबडा आणि दारू देण्याची रीत इथे जुनी आहे, त्यामुळे बाटलीवर नाव येण्यात कुणाला वावगे वाटले नाही. हंगामातली पहिली करवंदाची बाटली आता शिवेवर जाते.

बाटलीवर काय नाही, हे मी मुद्दाम विचारले. देवांची चित्रे नाहीत. शिवाजी महाराज नाहीत आणि त्यांच्या एकाही किल्ल्याचे नाव नाही. २०२२ मध्ये राज्य सरकारने मद्यविक्रीच्या दुकानांना महापुरुषांची आणि गडकिल्ल्यांची नावे देण्यास मनाई केली, पण मालकांचे धोरण त्याही आधीचे आहे. “मालवणी मुलखात राहून सिंधुदुर्ग बाटलीवर घालायचा, म्हणजे मला रात्री झोप लागायची नाही,” ते म्हणाले. एकदा त्यांनी शिरोड्याच्या मिठाच्या सत्याग्रहाचे लेबल करायचे ठरवले होते. आजींनी ते कच्चे चित्र पाहिले आणि एवढेच म्हटले, “गांधीबाबाचा मीठ, आणि दारयेच्या बाटलीर?” चित्र त्याच दिवशी फाडले गेले.

जाणाऱ्यांसाठी : आधी फोन करून वेळ घ्यावी. बोंडे पिळताना पाहायची तर सकाळी नऊच्या आत पोचावे. चव घ्यायची असेल तर गाडी चालवणारा वेगळा माणूस हवा, कारण परतीचा रस्ता अरुंद आणि वळणांचा आहे. बिल जपून ठेवावे. गोव्याकडून येणाऱ्या मद्यावर इन्सुलीच्या नाक्यावर कडक तपासणी असते आणि तिथे बाटली कुठली, हे तोंडी सांगून भागत नाही.

रात्री शेजारच्या वाडीत देवळाच्या वर्धापनदिनाचा दशावतार होता. मालकांनी आग्रहाने नेले. हल्ली बरेचदा सरळ आख्यानालाच सुरुवात होते आणि त्याआधीचा आडदशावतार गाळला जातो. इथे तो ठेवला होता, त्यामुळे गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती आणि मग खुद्द संकासुर आला. रंगमंच म्हणजे देवळापुढची मोकळी जागा आणि एक बाकडे. बाजूला पेटी, मृदंग आणि झांज. स्त्रीपात्रेही पुरुषच करतात. संकासुराने आल्या आल्या समोर बसलेल्या सरपंचांना रस्त्यावरच्या खड्ड्यांचा हिशेब विचारला. सरपंचांसकट सगळे हसले, आणि माझ्या शेजारचे आजोबा गंभीरपणे म्हणाले, “ह्या मातर खरा बोलता.” लेबलावरचा संकासुर मला फारच सभ्य वाटू लागला.

रविवार : वेंगुर्ला, आरवली, शिरोडा

सकाळी उकड्या तांदळाची पेज आणि फणसाच्या कुयरीची भाजी खाऊन डच वखार पाहायला गेलो. ती संरक्षित स्मारक आहे, पण संरक्षण तिच्यापर्यंत पोचलेले दिसत नाही. जांभ्याच्या भिंती उभ्या आहेत, छत केव्हाच गेले आहे, झाडांची मुळे दगडांच्या सांध्यांत शिरली आहेत. लेबलावरच्या चित्रात मात्र ती सरळ रेषांत, शाबूत आहे. इतिहास आणि आख्यायिका वेगळ्या करणाऱ्यांनी चित्रात इतकी डागडुजी करायला नको होती, असे मी मालकांना नंतर कळवले.

आरवलीच्या वेतोबाचे देऊळ वेंगुर्ला-शिरोडा रस्त्यालगत आहे. मूर्ती माणसाच्या उंचीपेक्षा मोठी, उभी, आणि समोर नवसाच्या वहाणांची रांग. या वहाणा कुठल्याही पायात बसणार नाहीत एवढ्या मोठ्या असतात. जाड चामड्याच्या, हाताने शिवलेल्या. वेतोबा रात्री गावातून फिरतो आणि त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून नव्या वाहायच्या, अशी श्रद्धा आहे. पुजाऱ्यांनी एका जुन्या जोडाचा तळ आम्हाला दाखवला. टाचेच्या बाहेरच्या कडेला चामडे खरोखरच पातळ झाले होते. राखणदाराच्या बाटलीवर नेमकी तीच टाच काढलेली आहे. नवसाची दुसरी वस्तू केळ्यांचा घड, आणि प्रसाद म्हणून आम्हाला दोन केळी मिळाली.

शिरोड्याच्या मिठागरांत दुपारी उभे राहवत नव्हते. मे १९३० मध्ये इथे मिठाचा सत्याग्रह झाला आणि महाराष्ट्रभरातून सत्याग्रही या खाजणात उतरले. वि. स. खांडेकर त्या काळात याच गावच्या शाळेत शिकवत होते. आज वाफ्यांत पाणी पांढरे पडत होते आणि कडेला मिठाच्या लहान ढिगाऱ्या होत्या. आजींचा शेरा आठवला आणि तो योग्यच होता याविषयी आम्हा दोघांचे एकमत झाले. प्रत्येक इतिहास बाटलीवर चढवायचा नसतो.

पाचच्या सुमारास दक्षिणेकडून ढग आले, वारा सुटला, माड वाकले आणि चार टपोरे थेंब पडून पुन्हा उकाडा झाला. वळिवाच्या आशेने बाहेर ठेवलेली खुर्ची आत घ्यावी लागली नाही.

सोमवार : पिंगुळी, मालवण

लेबलांची चित्रे पिंगुळीच्या एका तरुण चित्रकाराने काढली आहेत, म्हणून कुडाळजवळचे हे गाव वाटेत घेतले. इथल्या ठाकर समाजाने चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ सांभाळला आहे. त्यासाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्या कुटुंबाने गोठ्याच्या जागेत उभारलेले संग्रहालय छोटे आहे, पण दाखवणारा माणूस घाईत नसतो. चित्रकथीतले चेहरे बाजूने दिसतात, डोळे मोठे असतात आणि कथा सांगताना चित्र एकेक करून पुढे धरले जाते. दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात. बाटलीला पुढचे आणि मागचे लेबल असते, तेव्हा पुढे चित्र आणि मागे कथा ही मांडणी त्या चित्रकाराला सुचायला फार लांब जावे लागले नसणार.

इथे खेळ पाहायचा तर आधी कळवावे आणि तिकिटाखेरीज एखादे चित्र विकत घ्यावे. कला जिवंत आहे ती अशा विक्रीवर.

मालवणला संध्याकाळी पोचलो. सिंधुदुर्गाची होडी बंद होऊन गेली होती, आणि किल्ला आम्ही पूर्वी पाहिलेला असल्याने हळहळ वाटली नाही. ज्यांनी पाहिला नाही त्यांनी मालवणसाठी पूर्ण सकाळ राखून ठेवावी. १६६४ मध्ये पायाभरणी झालेल्या या किल्ल्यात दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी चहूकडच्या खाऱ्या पाण्यात आजही आहेत. रात्री तिसऱ्यांचे सुके आणि घावणे. एवढे सांगितले तरी मालवण माहीत असलेल्यांना पुरे.

मंगळवार : विजयदुर्ग

देवगडमार्गे विजयदुर्गला जायला दोन-अडीच तास लागले. देवगडच्या कातळावर हापूसच्या पेट्या भरणे चालू होते आणि उघड्या खिडकीतून गवतात पिकत घातलेल्या आंब्याचा वास येत होता.

रातांब्याच्या बाटलीवरचा ओटा या किल्ल्यात आहे. ‘साहेबाचे ओटे’ म्हणून तो ओळखला जातो. गावात सांगतात ती कथा अशी : १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात नॉर्मन लॉकयर या इंग्रज साहेबाने इथे दुर्बीण लावली आणि हेलियमचा शोध लावला. दरवर्षी त्या तारखेला किल्ल्यावर हेलियम दिन साजरा होतो.

बाटलीची पाठ वेगळे सांगते. १८६८ च्या ग्रहणाचे वेध फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन याने आंध्रातल्या गुंटूरहून घेतले. लॉकयर त्या वेळी इंग्लंडमध्येच होता. त्याने ऑक्टोबर १८६८ मध्ये, ग्रहणाशिवाय, आपल्या वर्णपटदर्शकातून सूर्याच्या कडेचा प्रकाश पाहिला, आणि त्यातली पिवळी रेषा पृथ्वीवरच्या कुठल्याच ज्ञात मूलद्रव्याशी जुळेना तेव्हा नव्या मूलद्रव्याला सूर्याच्या ग्रीक नावावरून हेलियम म्हटले. रॅम्झीने १८९५ मध्ये ते पृथ्वीवर वेगळे करून दाखवले. मग विजयदुर्गाचा संबंध काय? तर तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी, लॉकयर खरोखरच इथे आला होता. ‘मेल्पोमिनी’ या युद्धनौकेवरच्या खलाशांना त्याने उपकरणे हाताळायला शिकवले होते आणि किल्ल्यात तळ ठोकला होता. साहेब खरा, किल्ला खरा, ग्रहण खरे आणि हेलियमही त्याचेच. लोकांच्या आठवणीत फक्त दोन ग्रहणे एक झाली.

किल्ला पाहायला भरपूर वेळ द्यावा. तीन बाजूंना समुद्र, एकामागे एक अशा तटांचे चिलखत, आणि वाघोटणच्या खाडीत पूर्वी आंग्र्यांच्या गुराबा आणि गलबते उभी असत. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी समुद्राकडून मारा केला तेव्हा तुळाजी आंग्र्यांचे ते आरमार इथेच जळाले, आणि त्या वेळी जमिनीकडून पेशव्यांची फौज इंग्रजांच्या बाजूने होती, हे वाचताना अजूनही बरे वाटत नाही. पाणी सोबत न्यावे. तटावर सावली नाही आणि अकरानंतर जांभा तापतो.

ओट्यापाशी पोचलो तेव्हा आमचा वाटाड्या, साठीचे एक गृहस्थ, १८६८ ची कथा रंगवून सांगत होते. मी संकोचत १८९८ चे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, विडी विझवली आणि म्हणाले, “साल तुमचा खरा आसात. पण सायब हयसर इललो मा?” इललो, मी म्हटले. “मगे झाला तर,” असे म्हणून त्यांनी आम्हाला भुयाराकडे नेले आणि वाटेत भेटलेल्या पुण्याच्या मंडळींना पुन्हा १८६८ च सांगितले.

हा संवाद मी वायनरीच्या मालकांना फोनवर ऐकवला. ते बराच वेळ हसले. पुढच्या हंगामात रातांब्याच्या लेबलावर वाटाड्यांचा प्रश्न मालवणीतच छापायचा त्यांचा विचार आहे, पण तो ‘इतिहास’ या शीर्षकाखाली घालायचा की ‘आख्यायिका’, यावर घरात वाद सुरू आहे. आजी इतिहासाच्या बाजूने आहेत.

बाटल्या आणणाऱ्यांना दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. एप्रिलच्या उन्हात त्या गाडीच्या डिकीत सोडू नयेत. आमची करवंदाची बाटली देवगडच्या बाजारात एक तास तशी राहिली आणि घरी उघडली तेव्हा तिच्यात फळापेक्षा शिजवलेल्या गुळाची चव होती. दुसरी गोष्ट जेवणाची. संकासुराची, म्हणजे जांभळाची, वाइन कोंबडीच्या सुक्याबरोबर चांगली जाते. बोंडाची वाइन गार करून तळलेल्या बोंबलांबरोबर घ्यावी. रातांब्याची वाइन मात्र बांगड्याच्या तिखल्याबरोबर घेऊ नये. तिखल्यात आधीच कोकम असते आणि आंबटावर आंबट होऊन दोन्हींची चव जाते. ती जेवणाआधी, खारवलेल्या काजूंबरोबर, थोडीच घ्यावी.